पाचशे क्रमांकाची पावती

२१ मे २०२५ रोजी अकरावी प्रवेशाची नोंदणी सुरू व्हायची होती. त्याच दिवशी संकेतस्थळ बसलं आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती इथल्या पालकांना ऑनलाइन प्रवेशाची सवय होती. हिंगोली जिल्ह्यासाठी ते पहिलंच वर्ष, कारण सगळ्या राज्याला एकच केंद्रीय प्रक्रिया लागू झाली ती तेव्हापासून. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या लेकरांची कॉलेजच्या वाटेवर पहिली गाठ पडली ती न उघडणाऱ्या पानाशी.

पुढचा संवाद अशाच पानांबद्दल आहे. बोलणारे दोघे. एक सेनगाव तालुक्यात सेवा केंद्र चालवणारा. दुसरा याच जिल्ह्यातून शिकून बाहेर पडलेला, मोठ्या संकेतस्थळांचे सर्व्हर सांभाळणारा, वयाने लहान अभियंता. पहिल्याचा या सगळ्या कारभारावरचा विश्वास उडत चालला आहे. दुसऱ्याची खात्री आहे की बिघाड शोधता येतो आणि काढताही येतो.

केंद्रचालक : समोरचा माणूस दरवेळी मला एकच विचारतो, "माझं काय चुकलं?" पडद्यावर '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' आलेलं असतं. तो आधार कार्ड काढून पुन्हा बघतो, सातबाऱ्यावरचं नाव बघतो, बोटं पुसतो, कारण मागच्या वेळी अंगठा उमटला नव्हता. मी सांगतो, सर्व्हर डाऊन आहे. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की त्यात आता काही अर्थ उरला नाही. नेट गेलं तरी तेच, ओटीपी आला नाही तरी तेच, पोर्टल बंद पडलं तरी तेच. लोकांना वाटतं, हा टाळतोय.

अभियंता : भाऊ, त्याला ठामपणे सांगा की तुझं काही चुकलेलं नाही. ही नुसती समजूत नाही, वेबच्या नियमातच तसं लिहिलंय. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्यात सर्व्हरने द्यायच्या उत्तरांचे आकडे ठरवलेत. २ ने सुरू होणारा आकडा म्हणजे काम झालं. ४ ने सुरू होणारा म्हणजे मागणाऱ्याच्या विनंतीत खोट आहे. पत्ता चुकला की ४०४ येतो, तो त्यातलाच. आणि ५ ने सुरू झाला की चूक सर्व्हरची, किंवा काम पुरं करायची ताकद त्याच्यात नाही. ५०० हा त्यातला सगळ्यांत मोघम. आत काहीतरी अनपेक्षित घडलं, एवढंच तो सांगतो. ५०२ म्हणजे दाराशी बसलेल्या सर्व्हरला आतल्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही. ५०४ म्हणजे आतलं उत्तर वेळेत आलं नाही. ५०३ म्हणजे आत्ता ताण आहे किंवा दुरुस्ती चाललीय, नंतर या. आणि किती सेकंदांनी या, हे सांगायचीही त्यात सोय आहे. हे आकडे तुम्ही वेगवेगळे वाचायला लागलात तर तपासाला सुरुवात झालीच म्हणा.

केंद्रचालक : वाचून मी काय करू? तू सर्व्हरच्या आतला माणूस, मी बाहेरचा. माझ्याकडे फक्त पडदा आहे.

अभियंता : पडद्यावरूनही बरंच कळतं. पहिलं म्हणजे बाकीच्या साइट चालतात का बघा. तुमच्या केबलवर नाही आणि मोबाइलच्या नेटवर उघडतं, तर बिघाड वाटेत आहे. दुसरं, शेजारच्या केंद्रावर काय चाललंय ते विचारा. हिंगोली, वसमत, पुसेगाव सगळीकडे एकाच वेळी ५०३ असेल तर ताण आहे, थांबायचं. आता तिसरी गोष्ट. सगळ्यांचे अर्ज जातायत, एकाच शेतकऱ्याचा अर्ज दरवेळी त्याच पायरीवर ५०० देतोय. मग त्याच्या माहितीत असं काहीतरी आहे जे प्रोग्राम लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. गट क्रमांकात तिरपी रेघ आणि अक्षर असेल, सामायिक खात्यात नावंच फार असतील, फोटोची फाइल मोठी असेल. तरीही चूक सर्व्हरचीच, कारण चुकीची माहिती आली तर 'या रकान्यात हे चालत नाही' असं सांगणं त्याचं काम होतं. पण फाइल लहान करून, एकेक रकाना साधा करून बघितलात तर कुठे अडतंय ते सापडतं. आम्हीही आत तेच करतो. बिघाड नेमका कधी सुरू झाला, त्याच्या आधी काय बदललं, आणि तो सगळ्यांना होतोय की काहींनाच, हे तीन प्रश्न आधी. मग लॉग वाचायचा.

केंद्रचालक : लॉग म्हणजे नोंदवही?

अभियंता : नोंदवहीच. आलेली प्रत्येक विनंती, तिची वेळ, दिलेला आकडा आणि बिघाड झाला असेल तर प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर झाला ते. ५०० दिसलं की नवख्याचा हात आधी सर्व्हर बंद-चालू करण्याकडे जातो. जाणता आधी लॉग उघडतो. कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. डिस्क भरलेली असते आणि नवीन फाइल लिहायला जागा नसते. डेटाबेसला एका वेळी जितक्या जोडण्या परवडतात त्या संपलेल्या असतात. आदल्या रात्री कोणीतरी नवा कोड चढवलेला असतो. गावाकडच्या शेतकरी उत्पादक कंपनीची छोटी वर्डप्रेस साइट असेल तर एखादं प्लगइन नव्या पीएचपीशी जुळत नाही, किंवा एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये एक अक्षर जास्त पडलेलं असतं. प्लगइनांच्या फोल्डरचं नाव बदललं, साइट उघडली, की चोर सापडला. मग एकेक चालू करत जायचं.

हा सगळा तपशील खरा आहे आणि उपयोगाचाही. पण अभियंत्याच्या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: लॉग वाचणाऱ्याच्या हातात आहे. केंद्रचालकाचा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

केंद्रचालक : म्हणजे खरं काय घडलं ते एका वहीत लिहिलेलं असतं, आणि ती वही मुंबईत किंवा दिल्लीत कुठल्यातरी कंपनीच्या ताब्यात असते. ज्याचं नुकसान झालं त्याला ती दिसत नाही. मला दिसत नाही. तहसीलदाराला तरी दिसत असेल असं मला वाटत नाही. मग तपास करायचा तो कोणी? यंत्र म्हणतंय 'माझी चूक', पण ही कबुली दिली कोणाला, तर ज्याला इंग्रजी वाचता येत नाही अशा माणसाला. दोन सेकंदांनी पान बदललं की कबुली गेली. दुसऱ्या दिवशी कृषी कार्यालयात त्याला विचारतात, अर्ज का नाही केला? तो म्हणतो, केला होता. पावती दाखव. पावती नाही.

अभियंता : बिघाडाचा सगळा तपशील पडद्यावर दाखवणं मात्र धोक्याचं. त्यातून डेटाबेसचं नाव, फाइलींचे पत्ते, कधी कधी पासवर्डसुद्धा बाहेर पडतो. म्हणून चांगली साइट आतलं लपवते. पण चांगली साइट एक करते, प्रत्येक बिघाडाला क्रमांक देते. 'आमच्याकडून चूक झाली, तुमचा संदर्भ क्रमांक हा, वेळ ही.' तो क्रमांक घेऊन तक्रार केली की लॉगमधली नेमकी ओळ काढता येते. हे करायला फार पैसे लागत नाहीत. वाईट साइट उलटं करते. बिघाड झालेला असताना आकडा २०० देते, म्हणजे काम झालं असं सांगते, आणि पानावर लिहिते 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.' आतल्या माणसाला वाटतं सगळं सुरळीत चाललंय, बाहेरचा माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतो.

केंद्रचालक : दाबणारच. मी तर चार टॅब उघडतो, एक तरी लागेल म्हणून. रात्री दोनला लागते कधी.

अभियंता : तिथेच गणित बिघडतं. सर्व्हरचा ताण सरळ रेषेत वाढत नाही. रांगेच्या साध्या गणितात, सर्व्हर निम्मा गुंतलेला असेल तर एका कामाला त्याच्या मूळ वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. नव्वद टक्के गुंतला की दहापट. पंच्याण्णवला वीसपट, नव्याण्णवला शंभरपट. एका सेकंदाच्या कामाला दीड मिनिटाच्या वर. तेवढ्या वेळात लोक रिफ्रेश करतात, तुमच्यासारखे चार टॅब उघडतात. जुनी विनंती आत अजून चालूच असते, वर नवीन येते. ज्या कामाचं उत्तर घ्यायला कोणी थांबलेलं नाही त्या कामात सर्व्हर झिजत राहतो. बंद पडलेली साइट सावरू लागली की हीच गर्दी तिला पुन्हा पाडते.

भाऊ, १६ जुलै २०२१ आठवा. दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार होता, सुमारे सोळा लाख मुलं. साइट बसली आणि तासन्‌तास उघडली नाही. शिक्षणमंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मला त्याचा आजही राग येतो, कारण तो ताण टाळता आला असता. निकाल ही ठरलेली, न बदलणारी माहिती. त्या वर्षी तर परीक्षाच झाली नव्हती, शाळांनी दिलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर गुण लागले होते. प्रत्येक मुलाचं पान आदल्या दिवशी तयार करून ठेवता येतं, डेटाबेसला हात न लावता नुसती फाइल उचलून द्यायची. पाच ठिकाणी ठेवली तर पाच ठिकाणांहून. ही नवी विद्या नाही.

केंद्रचालक : विद्या जुनी असेल तर ती वापरली का जात नाही, हाच माझा सवाल आहे. तुझ्या प्रत्येक उत्तराचा शेवट 'करता आलं असतं' असा होतो.

अभियंता : जिथे केलं तिथे फरक पडलाय. रेल्वेचं तत्काळ बुकिंग घ्या. १५ जून २०१५ पासून एसीचं तत्काळ दहाला आणि बिगर-एसीचं अकराला सुरू केलं, कारण एकाच मिनिटाला सगळे तुटून पडायचे. यंत्र तेच, गर्दी दोन भागांत वाटली. अमेरिकेचं आरोग्यविम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला उघडलं आणि पहिल्या दिवशी देशभरातून सहा जणांची नोंदणी पुरी झाली. फक्त सहा! मग बाहेरून जाणते अभियंते बोलावले. साइट चालू आहे की बंद हे दाखवणारा फलकच आतल्या लोकांकडे धड नव्हता, तो त्यांनी आधी उभा केला. पुढे गर्दी झाली की लोकांना थांबवून, मोकळी वेळ झाल्यावर ईमेलने बोलावायची सोय केली. दोन महिन्यांत साइट वापरण्यालायक झाली. आपल्याकडेही २८ एप्रिल २०२१ ला कोविन अठरा वर्षांवरच्यांसाठी उघडलं. पहिल्या काही मिनिटांत अडखळलं, ओटीपी येईनात, लोकांनी शिव्या घातल्या. पण त्याच दिवसात एक कोटी तीस लाखांहून जास्त लोकांची नोंद झाली. म्हणजे हे जमतं.

केंद्रचालक : रेल्वेचं जमलं, कारण तत्काळ कधी उघडायचं हे रेल्वेच्या हातात आहे. पावसाचं काय? सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या जिल्ह्यात काय पाऊस झाला, तू बातम्यांत पाहिलंस, आम्ही अंगावर घेतला. सोयाबीन शेंगांवर होतं, ते पाण्यात गेलं. पीक विम्याचा तेव्हाचा नियम असा की अशा नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची. आता सांग, जिल्ह्याचं शिवार एका रात्रीत बुडालं तर सगळे शेतकरी त्याच तीन दिवसांत येणार की नाही? त्यांना कसं वाटून देणार, एसी आणि बिगर-एसी? आणि त्याच पावसात वीज गेलेली, टॉवर बंद, गावाचा रस्ता ओढ्याखाली. ७२ तास घड्याळाचे मोजले. सर्व्हर किती तास चालू होता ते कोणी मोजलं नाही.

अभियंता : विम्याची खबर अ‍ॅपवर देता येत होती, १४४४७ वर फोन करून देता येत होती, कृषी कार्यालयात, बँकेत लेखी देता येत होती.

केंद्रचालक : कागदावर येत होती. तीच गर्दी फोनवर होती. आणि लेखी अर्ज घेणारा माणूस म्हणायचा, ऑनलाइन करा.

अभियंता : हे मान्य. पावसाला वेळापत्रक लावता येत नाही. म्हणून तिथे उपाय वेगळा हवा: आधी नोंद घ्यायची, छाननी नंतर. आपल्या हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात काय होतं? हंगामात आवक वाढली की गाड्यांच्या रांगा लागतात. कधी बाजार समिती जाहीर करते की अमुक तारखेपर्यंत माल आणू नका. म्हणजे ५०३ आणि पुन्हा कधी यायचं ते. पण जी गाडी फाटकातून आत आली तिची नोंद झाली. बोली दुसऱ्या दिवशी लागली तरी गाडी आली नव्हती असं कोणी म्हणत नाही. पोर्टलचं फाटक तसंच बांधता येतं. शेतकऱ्याचा क्रमांक, गट क्रमांक, वेळ, बस. तीन रकाने, काही अक्षरं, ती घेऊन लगेच पोच द्यायची. सातबारा जुळवणं, आधार तपासणं, फोटो घेणं हे रात्री, ताण उतरल्यावर. आज काय होतं, तर एका अर्जासाठी एकाच दमात आधारचा सर्व्हर, भूमी अभिलेखाचा सर्व्हर, बँकेचा, एसएमएस पाठवणारा, असे चार जण जागेवर लागतात. चौघांतला एक उठला की सगळा अर्ज पडतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ साली ओटीपीचं हेच झालं. अडचण मंत्र्यांनी जाहीरपणे मान्य केली आणि १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरवर गेली.

केंद्रचालक : मुदतवाढ! आता माझ्या दुखण्यावर बोट ठेवलंस. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. राज्यभरातून एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास अर्ज गेले. शेवटची तारीख ३१ जुलै, ती ३ ऑगस्ट झाली. बातमी आली, सरकारने दिलासा दिला. बरोबर आहे, मिळाला. पण मुदतवाढ हीच दुरुस्ती समजली जाते. सर्व्हर का बसला, कोणत्या दिवशी किती तास बसला, कंत्राटदाराचं काय केलं, यातलं काही बाहेर येत नाही. तारीख वाढली की प्रश्न मिटला. आणि वाढते ती शेवटच्या संध्याकाळी. तोवर बायाबापडे लेकरं घेऊन केंद्रासमोर रात्र काढून गेलेले असतात. दोन दिवसांची मजुरी बुडाली ती कोणी भरून देत नाही. मला एका अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये ठरवून दिलेले. अर्ज गेला तर. चार तास बसून नाही गेला तर शून्य. बिघाडाचा सगळा खर्च कोणावर पडतो ते बघ. ज्याच्या यंत्रात बिघाड झाला त्याला तो दिसतच नाही, मग तो कशाला दुरुस्त करील?

अभियंत्याचा धंदा बिघाड काढण्याचा, आणि बिघाडाचा खर्च बिघाड करणाऱ्यावर पडला नाही तर तो काढला जाणार नाही, हे त्याला इतर कोणापेक्षा जास्त कळायला हवं. तो थेट उत्तर देत नाही. आधी जुन्या दिवसांची आठवण करून देतो. ती बाजू वजनदार आहे, म्हणून तीही इथे आली पाहिजे.

अभियंता : भाऊ, ऑनलाइनच्या आधीचं विसरू नका. सातबाऱ्यासाठी तलाठी सापडायला किती चकरा पडायच्या? सज्जावर कुलूप, साहेब मीटिंगला. आज डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. तेव्हाचा 'उद्या या' कुठल्या नोंदवहीत लिहिला जायचा? ५०० निदान सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, मिनिट-सेकंदासकट. जुन्या नकाराला पुरावा नव्हता, नव्याला आहे. तो आपल्याला दिसत नाही एवढंच. मी म्हणतो, तो दिसायला लावूया. यंत्र काढून तलाठ्याच्या दारी परत जायचं का?

केंद्रचालक : परत जा असं मी म्हणत नाही. माझं पोट या यंत्रावर आहे. पण तलाठ्याच्या नकाराला तोंड होतं. लोक जमून तहसीलवर जायचे, कोणीतरी ओरडायचं, साहेब दबायचा. ५०० वर कोणाच्या दारात जायचं? आणि पुराव्याचं म्हणशील तर ऐक. लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालचा. दाखला वेळेत दिला नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. चांगला कायदा. पण मुदत मोजायची कधीपासून? पूर्ण अर्ज मिळाल्यापासून, पोच दिल्यापासून. उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या पोराचा अर्ज ५०० वर पडला तर कायद्याच्या लेखी तो पोरगा कार्यालयात आलाच नाही. उशीर झालाच नाही. दंड कशाचा?

अभियंता : पण कायद्यात दुसरीही कलमं आहेत. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं दहावं कलम सांगतं की मुदतीच्या शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम वेळेत धरायचं. सर्व्हर बंद म्हणजे कार्यालय बंद, असं का म्हणू नये? आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं तेरावं कलम म्हणतं की इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज ठरवून दिलेल्या संगणकात शिरला त्या क्षणी तो मिळाला असं समजायचं. आता ५०० कोण देतं? विनंती पोचल्याशिवाय सर्व्हर उत्तर देऊच शकत नाही. मग ५०० चं पान हीच पोच झाली की!

केंद्रचालक : हे कोर्टात टिकेल?

अभियंता : हा माझा तर्क आहे, निकाल नाही. पण जवळचं उदाहरण आहे. जीएसटी आला तेव्हा जुन्या करांची जमा पुढे ओढायचा ट्रॅन-१ हा फॉर्म होता, मुदत २७ डिसेंबर २०१७. कित्येक व्यापाऱ्यांना पोर्टलने तो भरू दिला नाही. ३ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने अशा लोकांसाठी तक्रार समिती आली. व्यापाऱ्याने मुदतीत प्रयत्न केला होता का, हे पोर्टलच्या लॉगवरून बघायचं ठरलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पोर्टलबद्दल कडक शब्दांत नाराजी नोंदवली. शेवटी २२ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने पोर्टल पुन्हा उघडायला लावलं, आणि १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ या दोन महिन्यांत सगळ्यांना संधी मिळाली. म्हणजे अयशस्वी प्रयत्नाला किंमत आहे, हे या देशात एकदा मान्य झालंय.

केंद्रचालक : जवळजवळ पाच वर्षांनी. आणि व्यापाऱ्यांना, ज्यांच्याकडे सीए आहे, वकील आहे. शिवाय तू सांगितलंस त्यातच माझा मुद्दा आलाय. आधी लॉगमध्ये नाव असेल त्यालाच दार उघडं होतं. सर्वोच्च न्यायालयाने समितीचा निर्णय काय होता ते न बघता सगळ्यांना उघडून दिलं. म्हणजे लॉगवर विसंबून न्याय पुरा झाला नाही.

अभियंता : का झाला नाही तेही बघू. बिघाड तीन जातींचे असतात. एक, विनंती पोचली आणि सर्व्हर पडला. लॉगमध्ये नोंद आहे, ५०० दिसलं, इथे माणसाची बाजू पक्की. दोन, विनंती पोचलीच नाही. टॉवर बंद, गोल फिरत राहिलं, 'साइट कॅन नॉट बी रीच्ड' आलं. सर्व्हरला या माणसाचा पत्ताच नाही. तीन, सगळ्यांत वाईट. विनंती पोचली, काम झालं, पैसे कापले, पण उत्तर परत येताना वाटेत गेलं. माणसाला वाटतं अर्ज गेला नाही, तो दुसरा भरतो. म्हणून सांगतो, पुन्हा भरण्याआधी अर्जाची स्थिती बघत जा. चांगल्या पोर्टलवर अर्ज उघडतानाच क्रमांक मिळतो, मग शंभरदा पाठवला तरी एकच धरतात. तुमचं म्हणणं आहे की प्रयत्न म्हणजे अर्ज. पहिल्या जातीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूने. दुसऱ्या जातीत पुरावा कोणाकडेच नाही. तिथे नुसत्या शब्दावर अर्ज धरला तर दलाल शेवटच्या दिवसानंतर हजारो प्रयत्न जन्माला घालतील. विम्यात खोटे अर्ज पकडले गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्यात.

केंद्रचालक : वाचल्यात. खोटं करणारा दलाल सर्व्हर चालू असतानाही करतो. त्याच्या भीतीपोटी खऱ्याचा हक्क काढणार का? आणि तुझ्या तीन जाती शहरात बसून पाडलेल्या आहेत. औंढ्याच्या डोंगराळ भागात, कयाधूकाठी पूर आला की मोडतो तो टॉवर आधी. म्हणजे ज्याचं नुकसान सगळ्यांत जास्त तो दुसऱ्या जातीत पडतो, आणि तिथेच तू म्हणतोस पुरावा नाही. माझं म्हणणं, पुरावा त्याने का द्यावा? त्या दिवशी त्या मंडळात टॉवर चालू होता आणि पोर्टल चालू होतं, हे सरकारने आणि कंपनीने सिद्ध करावं. नाही करता आलं तर ७२ तासांचं घड्याळ थांबलं असं धरावं.

अभियंता : मंडळनिहाय टॉवरची नोंद मोबाइल कंपन्यांकडे असते. पोर्टलची असतेच. पावसाची महसूल मंडळातल्या केंद्रावर होते. तिन्ही शेजारी ठेवल्या तर तुम्ही म्हणता ते घड्याळ थांबवता येईल. तांत्रिक अडचण मला दिसत नाही. पण सिद्ध करायचा भार उलटा केला की दर पावसाळ्यात घड्याळ थांबलेलंच राहील आणि पंचनामा करायला जाईपर्यंत शिवारात बघण्यासारखं काही उरणार नाही. ७२ तास काही छळायला ठेवलेले नव्हते. पाणी ओसरायच्या आत बघायला मिळावं म्हणून होते.

केंद्रचालक : मग पंचनाम्याला वेळेत या. खबर देण्याची सक्ती त्याच्यावर, येण्याची सक्ती कोणावर?

इथे दोघांचं पटत नाही, आणि पटायचं कारणही दिसत नाही. एकाला खोटा प्रयत्न आत शिरण्याची चिंता आहे, दुसऱ्याला खरा प्रयत्न बाहेर राहण्याची. दोन्ही चिंता एका वेळी पूर्ण मिटवील असा सर्व्हर नाही. पण दोघंही न बोलता एका मागणीपाशी आलेले आहेत. ज्या पोर्टलवर मुदतीचं काम चालतं त्याने आपण कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पडून होतो याची नोंद त्याच दिवशी जाहीर करावी, आणि प्रत्येक बिघाडाच्या पानावर मराठीत संदर्भ क्रमांक द्यावा. नवा कायदा येईपर्यंत यासाठी थांबावं लागत नाही. कंत्राटात एक अट घातली की पुरे.

तोवर वाचकांनी एक करावं. अर्ज अशा पानावर अडकला तर आकडा, वरचा पत्ता आणि घड्याळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढून ठेवावा. आणि तक्रार लेखी, मुदतीच्या आत, पोच घेऊन द्यावी. तिच्यात 'सर्व्हर डाऊन होता' एवढंच लिहू नये, तो आकडा लिहावा: ५००, ५०२, ५०३ किंवा ५०४, तारीख आणि वेळ.